शून्यही लिहा: पाऊस, दुष्काळ आणि ऋतूंच्या नोंदी ठेवायला सुरुवात करताना

२६ जुलै २००५ च्या त्या पावसात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस मोजला गेला. त्याच २४ तासांत कुलाब्याला ७३ मिमी. दोन्ही आकडे खरे, दोन्ही मुंबईचेच, आणि दोन्ही ठिकाणांमध्ये सरळ अंतर पंचवीस किलोमीटरही नाही. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिमीच्या वर पाऊस होतो, तर त्याच जिल्ह्यातल्या माण-खटावकडे ५०० मिमीच्या आसपास. अशा जिल्ह्याची सरासरी काढून माणमधल्या शेतकऱ्याला काय कळणार? आपल्या शिवारात, आपल्या गल्लीत किती पडला हे तिथेच मोजावं लागतं.

काम रोजचं पाच मिनिटांचं आहे. तरीही नवख्यांच्या बहुतेक वह्या पहिल्या दोन महिन्यांत निकामी होतात, आणि दोष मापकाचा नसतो. पाऊस पडला त्या दिवशी आकडा लिहिला जातो, नाही पडला त्या दिवशी रकाना रिकामा राहतो. तो रिकामा रकाना म्हणजे पाऊस नव्हता की कुणी बघितलंच नाही, हे चार महिन्यांनी खुद्द लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. दुष्काळाची नोंद तर मुळात शून्यांचीच असते. म्हणून पहिला नियम असा: पाऊस नसला की ०.० लिहायचं. बघितलं नसेल तर आडवी रेघ मारायची. या दोन खुणांची सरमिसळ कधीही करायची नाही.

मापक कोणता घ्यावा

हवामान खात्याच्या केंद्रांवर फायबरचा मोठा पर्जन्यमापक असतो. त्याच्या वरच्या नरसाळ्याचं तोंड १०० किंवा २०० चौरस सेंटिमीटरचं असतं, आणि साठलेलं पाणी वेगळ्या मोजपात्रात ओतून मोजतात. घरच्यासाठी तो मिळाला तर उत्तमच. न मिळाला तर बाजारातला रेषा आखलेला, उभ्या भिंतींचा प्लास्टिकचा मापक चालतो, मात्र त्याचं तोंड निदान १० सेंटिमीटर रुंद हवं. बागेत खोचायच्या बोटभर रुंदीच्या नळ्या घेऊ नका. तोंड जितकं अरुंद, तितकी वाऱ्याची आणि कडेला आपटणाऱ्या थेंबांची चूक मोठी.

खर्च करायचा नसेल तर घरी केलेला मापकही चांगलं काम देतो. फक्त तोंडाचं माप अचूक हवं. हिशेब असा:

पाऊस (मिमी) = साठलेलं पाणी (मिलिलिटर) ÷ तोंडाचं क्षेत्रफळ (चौ. सेंमी) × १०

सोळा सेंटिमीटर व्यासाच्या नरसाळ्याचं क्षेत्रफळ सुमारे २०१ चौ. सेंमी येतं. म्हणजे दर २० मिलिलिटर पाण्याला १ मिमी पाऊस, गुणाकार-भागाकाराची कटकटच नाही. ११.३ सेंमी व्यासाचं नरसाळं मिळालं तर दर १० मिलिलिटरला १ मिमी. व्यास आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजा, आणि दोन-तीन दिशांनी मोजून सरासरी घ्या, कारण स्वस्त नरसाळी पुरती गोल नसतात. १६ ऐवजी १५.५ सेंमी असलेलं नरसाळं सोळाचं धरलं तर प्रत्येक आकडा सहा टक्के कमी येतो, आणि वर्षभर तसाच येत राहतो.

नरसाळं कॅनच्या तोंडात घट्ट बसवा, फट राहिली तर कडेनं ओघळणारं पाणीही आत शिरतं. कॅन पाच लिटरचा असेल तर सोळा सेंटिमीटरच्या नरसाळ्याला २५० मिमीपर्यंत पुरतो. मराठवाडा-विदर्भात एवढा पुरे. आंबोली, ताम्हिणी, महाबळेश्वर अशा घाटमाथ्यावर दहा लिटरचाच ठेवा. कॅन पांढरा असेल तर त्यावर गडद रंग द्या किंवा गोणपाट गुंडाळा, नाहीतर आत शेवाळ धरतं.

पाणी मोजायला औषधाच्या दुकानातला किंवा शाळेच्या प्रयोगशाळेतला मोजसिलिंडर वापरा. त्याहून सोपं म्हणजे स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. एक ग्रॅम पाणी म्हणजे एक मिलिलिटर. रिकाम्या भांड्याचं वजन शून्यावर आणा, पाणी ओता, आलेल्या ग्रॅमला २० ने भागा. दुधाच्या मापट्यावर किंवा बाटलीवर छापलेल्या रेघांवर मात्र विसंबू नका.

दोन लिटरची पाण्याची बाटली कापून, वरचा भाग उलटा बसवून केलेला मापक शाळेत मुलांना दाखवायला छान आहे. त्यात एक अडचण कायम येते: बाटलीचा तळ खडबडीत असतो. तळात प्लास्टर किंवा सिमेंट ओतून सरळ भिंत सुरू होते तिथपर्यंत सपाट करून घ्या, शून्याची रेघ तिथे मारा. मधे कंबर असलेली बाटली घेऊ नका. भिंत सरळ नसली की पट्टीनं मोजलेली उंची म्हणजे पाऊस, हा हिशेबच बसत नाही.

जागा

मापकाची वरची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर आणि पाणसळ लावून अगदी आडवी. खाली ठेवला तर जमिनीवर आपटून उडालेले थेंब आत येतात. फार वर नेला तर वारा थेंब पळवतो. भोवती गवत किंवा माती असू द्या. फरशीवरून पाणी फार उडतं.

आडोशाचा नियम असा की घर, झाड, कुंपण, जे काही असेल ते मापकाच्या कडेपेक्षा जितकं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर मापक हवा. बारा मीटरचा माड असेल तर साधारण २४ मीटर. कोकणातल्या वाडीत हे जमणं कठीण, हे मान्य. तिथे घराजवळचा अट्टाहास सोडून खळ्यात किंवा भातशेताच्या बांधावर मापक लावा, भले रोज दोनशे पावलं चालावी लागोत. झाडाखाली लावलेला मापक रिमझिम पावसात कमी दाखवतो आणि जोराच्या पावसात पानांवरून गळणाऱ्या पाण्यानं जास्तही दाखवतो, त्यामुळे त्याची चूक एका ठरावीक टक्क्यानं दुरुस्त करता येत नाही.

शहरात गच्चीशिवाय पर्याय नसतो. मग गच्चीच्या मधोमध, पाण्याच्या टाकीपासून लांब, विटा रचून पक्का बसवा. गच्चीवर वाऱ्यामुळे आकडा थोडा कमीच येतो, तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर 'तिसऱ्या मजल्याची गच्ची, कठडा १ मीटर' असं स्पष्ट लिहून ठेवा. बाल्कनी आणि खिडकीची जाळी विचारातही घेऊ नका.

जागा ठरली की चारही दिशांना तोंड करून मोबाइलवर फोटो काढा, दरवर्षी त्याच महिन्यात पुन्हा काढा. शेजारचं शेवग्याचं झाड तीन वर्षांत किती वाढलं हे त्यावाचून लक्षात येत नाही.

वाचन

वेळ सकाळी साडेआठ. देशभरातली हवामान केंद्रं याच वेळी २४ तासांचा पाऊस मोजतात, तुम्हीही तीच पाळली तर तुमचा आकडा त्यांच्या शेजारी ठेवता येतो. पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे चालतात. सात वाजता कामावर निघत असाल तर रोज सातलाच वाचा आणि पहिल्या पानावर तसं लिहा. कधी सात, कधी दहा असं मात्र नको.

आता सर्वांत जास्त गोंधळ होणारी गोष्ट, तारीख. १० जुलैच्या सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस १० जुलैच्या नावावर लिहायचा, जरी तो बहुतेक ९ तारखेच्या दुपारी पडला असला तरी. वर सांगितलेला सांताक्रूझचा आकडासुद्धा २७ जुलैच्या सकाळी मोजलेला आहे. काल संध्याकाळी पडला म्हणून कालच्या तारखेत लिहिलं की तुमची सगळी वही एका दिवसानं सरकते आणि शेजारच्या केंद्राशी कधीच जुळत नाही.

पारदर्शक मापकात पाण्याची पातळी कडेला किंचित वर चढलेली दिसते. डोळे पातळीच्या रेषेत आणून मधला खोलगट भाग वाचा. आकडा एका दशांशापर्यंत लिहा: ६.४, ‘साधारण ६’ नाही. मापक फक्त ओला झाला, मोजण्याइतकं पाणी नाही, तर 'थेंब' असं लिहा. ते शून्यही नाही आणि ०.१ ही नाही. लिहिल्यावर पाणी फेकून द्या, मापक झटकून परत लावा. आधी लिहा, मग ओता. उलट क्रमानं करणाऱ्यांना ओतलेला आकडा आठवावा लागतो, आणि आठवलेले आकडे बहुधा पाचाच्या पटीत निघतात.

मुसळधार पावसात मापक भरून वाहायची भीती असेल तर मधेच मोजून घ्या, वेळेसकट टिपा, आणि सकाळच्या आकड्यात मिळवा. तरीही भरून वाहिला, तर 'किमान २५० मिमी, ओसंडला' असं लिहा. अंदाजानं वाढवू नका.

परगावी गेलात तर शेजाऱ्याला सांगून जा. तेही जमलं नाही आणि तीन दिवसांनी ४२ मिमी साठलेला सापडला, तर आधीच्या दोन दिवसांपुढे रेघ आणि तिसऱ्या दिवशी '४२.०, तीन दिवसांचा एकत्र'. चौदा-चौदा अशी वाटणी केली की न पडलेला पाऊस कागदावर पडतो. महिन्याची बेरीज तेवढीच राहते, पण पावसाचे दिवस मोजताना ती वाटणी खोटी ठरते, कारण हवामान खातं २.५ मिमी किंवा जास्त पाऊस झालेला दिवसच पावसाचा धरतं.

त्याच खात्याच्या मोजपट्टीत एका दिवसाचा ६४.५ मिमीपासूनचा पाऊस 'जोरदार', ११५.६ पासून 'अति जोरदार' आणि २०४.५ पासून 'अत्यंत जोरदार' ठरतो. तुमच्या वहीत मात्र विशेषणाआधी आकडा हवा.

काय बिघडतं

नरसाळ्यात पान किंवा कावळ्याची शीट अडकते, पाणी वर तुंबतं आणि वाफ होऊन जातं. शेजारी सगळे भिजलेले आणि तुमचा आकडा ०.८, असं झालं की आधी नळी तपासा. आठवड्याला एकदा पातळ काडी फिरवा. कोरड्या महिन्यांत कोळी आणि कुंभारीण माशी नळीत घर करतात, म्हणून वळवाच्या सरी सुरू होण्याआधी, एप्रिलच्या सुरुवातीला एकदा नीट धुऊन घ्या. नळीवर बारीक जाळी बसवण्याचा मोह होतो. थेंब जाळीला चिकटून राहतात आणि हलका पाऊस हरवतो.

उन्हाळ्यात सरीनंतर दिवसभर कडक ऊन पडलं तर उघड्या, नरसाळं नसलेल्या मापकातलं पाणी संध्याकाळपर्यंत कमी होतं. नरसाळं असलं की ही चूक फार लहान राहते. शेळ्या, कुत्री आणि क्रिकेटचा चेंडू यांच्यापासून बचाव म्हणून भोवती गुडघ्याएवढं विरळ तारेचं कुंपण पुरतं.

गारपीट झाली तर गारा उसळून बाहेर जातात, तेव्हा आकडा कमी येणार हे धरून चाला. नरसाळ्यात राहिलेल्या गारांवर मोजून १०० मिलिलिटर कोमट पाणी ओता, सगळं मोजा आणि १०० वजा करा. शेजारी 'गारा', आकार ('हरभऱ्याएवढ्या', 'लिंबाएवढ्या') आणि सुरू झाल्याची वेळ लिहा. मोबाइलवर गारेशेजारी नाणं ठेवून फोटो काढा. थंडीत आणि धुक्यात घाटावर सकाळी ०.१-०.२ मिमी पाणी आढळतं, ते पावसाचं नाही. 'दव' किंवा 'धुकं' अशी टीप द्या.

कोरड्या बाजूची नोंद

पाऊस मोजणारे खूप, कोरड मोजणारे कमी. ठरावीक वाराला, समजा रविवारी, अर्धा तास काढून शिवाराची किंवा परिसराची अवस्था लिहा. अमेरिकेत १९९८ पासून कोकोरास नावाचं स्वयंसेवकांचं पर्जन्यमापन जाळं चालू आहे. त्यांची सात पायऱ्यांची पट्टी आपल्यालाही उपयोगी पडते: अति कोरडं, मध्यम कोरडं, किंचित कोरडं, नेहमीसारखं, किंचित ओलं, मध्यम ओलं, अति ओलं. इथे 'नेहमीसारखं' याचा अर्थ त्या आठवड्यात, त्या ऋतूत जसं असतं तसं. मे महिन्यात माळ पिवळा असणं हे नेहमीसारखंच आहे. ऑगस्टमध्ये तो पिवळा असेल तर कोरडं.

पायरी निवडली की पुरावा लिहा, नाहीतर ती नुसती मनःस्थिती. पुरावे असे:

ओल: शेतात १५ सेंटिमीटर खणा, मूठभर माती दाबा. काळ्या मातीचा गोळा होतो का, बोटानं दाबल्यावर फुटतो का? नेहमी पिकाच्या त्याच ओळीत, पाणी न दिलेल्या जागी बघा. काळ्या रानात भेगा पडल्या असतील तर सर्वांत रुंद भेगेची रुंदी पट्टीनं.

पीक: दुपारी पानं मलूल होणं कडक उन्हात साहजिक आहे. सूर्योदयाच्या वेळीही सोयाबीन, कापूस माना टाकून उभे असतील तर ती गंभीर खूण, तारखेसह लिहा. मुरमाड रानात ती काळ्या रानाच्या आधी दिसते, म्हणून रान कोणतं तेही लिहा.

विहीर: सकाळी मोटार सुरू होण्याआधी मोजायची. काठावर एका जागी रंगाची खूण करा, तिथूनच वजन लावलेली टेप सोडा. सुती दोरी ओली झाली की ताणते-आखडते. कठड्याची उंची वजा करून जमिनीपासूनची खोली लिहा. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते. तुम्ही पंधरवड्याला एकदा मोजलीत तरी चित्र बरंच बारीक मिळतं.

बाकीच्या खुणा तारखांच्या: ओढा वाहायचा थांबला, डोह आटला, बोअर बंद पडली, पहिला टँकर आला, चारा विकत आणायला सुरुवात झाली, दुबार पेरणी झाली. या नोंदी महसुली कागदात उशिरा येतात किंवा येतच नाहीत.

पावसातला खंड ओळखायला दर आठवड्याची बेरीज करा. केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत सलग तीन ते चार आठवडे, प्रत्येक आठवड्यात सरासरीच्या निम्म्याहून कमी पाऊस झाला तर त्याला खंड मानतात. म्हणजे जून ते सप्टेंबरच्या एकूण आकड्यावर भागत नाही. हंगामाचा पाऊस सरासरीइतका दिसतो आणि तरी पीक जातं, कारण ऑगस्टचे चार आठवडे कोरडे आणि सगळी भरपाई सप्टेंबरच्या तीन दिवसांत. तुलनेसाठीची सरासरी तालुक्याची घ्या. हवामान खातं सरासरीच्या १९ टक्के वर-खाली पावसाला 'सर्वसाधारण' म्हणतं, २० ते ५९ टक्के तूट असेल तर 'अपुरा', ६० च्या पुढे 'अति अपुरा'.

वहीत एक रकाना नक्षत्राचा जरूर ठेवा. ७-८ जूनला मृग, २१-२२ जूनला आर्द्रा, मग दर तेरा-चौदा दिवसांनी पुढचं नक्षत्र लागतं. तरणा पाऊस (पुनर्वसूचा), म्हातारा पाऊस (पुष्याचा) या भाषेत जुनी माणसं हंगाम सांगतात. प्रत्येक नक्षत्राची बेरीज तुमच्याकडे असली की 'यंदा मृग कोरडा गेला' या वाक्याशेजारी आकडा ठेवता येतो. आणि 'पडतील मघा, नाहीतर ढगाकडे बघा' हे तुमच्या गावात कितपत खरं, तेही तपासता येतं.

झाडं, पाखरं, किडे

सुरुवातीला चारच झाडं निवडा, रोजच्या वाटेवरची. आंबा, पळस, बहावा, कडुनिंब हे सोपे, ओळखण्यात घोळ होत नाही. 'आमच्या भागातले पळस' अशी नोंद नको. एक विशिष्ट झाड, त्याला क्रमांक. आठवड्याला एकदा त्याच वाराला बघा आणि सहा गोष्टी टिपा: कोवळी पालवी, जून पानं, कळ्या, उमललेली फुलं, कच्ची फळं, पिकलेली फळं. प्रत्येकापुढे 'नाही', 'थोडं' किंवा 'भरपूर'. साधारण एक तृतीयांश फांद्यांपेक्षा कमी असेल तर थोडं. देशभरच्या झाडांच्या नोंदी गोळा करणारा सीझनवॉच हा उपक्रम याच धर्तीवर चालतो, तिथे तुमचं झाड नोंदवता येतं.

इथेही शून्याचा नियम तोच. जानेवारीत चार आठवडे 'मोहोर नाही' लिहिलेलं असेल तरच फेब्रुवारीतला पहिला मोहोर उशिराचा म्हणता येतो. एरवी 'पहिला दिसला' ही तारीख मोहोराची नसते, तुमची नजर गेली त्या दिवसाची असते.

पाखरांत नवख्यांची हमखास चूक पावशाची. 'पेर्ते व्हा' ऐकलं की 'पावशा आला' लिहितात. तो आपल्याकडे वर्षभर असतो, हिवाळ्यात गप्प असतो इतकंच. म्हणून 'पहिल्यांदा ऐकला' असं लिहा. चातक मात्र खरोखर येतो, मेअखेर ते जूनमध्ये, आफ्रिकेकडून. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा. त्याची तारीख, वेळ आणि नुसता ऐकला की पाहिला हे लिहून ईबर्ड या पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवा.

काजवे, मृगाचा लाल मखमली किडा, तेरडा आणि सोनकीचा पहिला बहर यांनाही एकेक ओळ द्या. बहावा फुलल्यापासून अमुक दिवसांनी पाऊस येतो, हा समज सगळ्यांच्या तोंडी आहे. वहीत समज लिहू नका, बहाव्याची तारीख लिहा आणि पावसाची तारीख लिहा.

वहीचं पुढे काय

जाड पुठ्ठ्याची वही आणि बॉलपेन. जेल पेनची शाई ओल्या हातानं फुटते. महिनाअखेरीला पानांचे फोटो काढून कुणा दुसऱ्याकडेही पाठवून ठेवा. चुकलेला आकडा खोडून काढू नका, एक रेघ मारून शेजारी नवा लिहा. गावात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोजचा आणि १ जूनपासूनचा एकूण पाऊस लिहिला तर लोक आपोआप वाचतात, आणि एखाद्या दिवशी लिहायचं राहिलं तर विचारतातही. हिवरे बाजारमध्ये तर गावातल्या पावसाच्या नोंदींवरून पाण्याचा ताळेबंद मांडून पुढची पिकं ठरवतात. एक हेक्टरवर १ मिमी म्हणजे १०,००० लिटर, एवढा एक आकडा त्या हिशेबासाठी पाठ असू द्या.

एक स्पष्ट सांगायला हवं: पीकविम्यासाठी तुमचा घरचा आकडा ग्राह्य धरला जात नाही. तिथे पावसाचा आकडा लागलाच तर अधिकृत स्वयंचलित केंद्राचाच चालतो. तुमच्यात आणि केंद्रात एका दिवसाचा फरक पडला म्हणून केंद्र खोटं ठरत नाही, पाच किलोमीटरवर वळवाची सर चुकणं नेहमीचंच. फरक महिनोन्‌महिने एकाच बाजूला राहिला तर आधी स्वतःचं नरसाळं, कड आणि आडोसा तपासा. ते ठीक असेल तर वही, जागेचे फोटो आणि दोन्ही आकड्यांची शेजारी-शेजारी यादी घेऊन तालुका कृषी कार्यालयात जा.

कधीतरी मापक बदलावा लागेल किंवा घर बांधायला काढल्यावर हलवावा लागेल. तेव्हा जुना लगेच काढू नका. नवा मापक नव्या जागी लावून एक पूर्ण पावसाळा दोन्ही चालवा, दोन रकान्यांत दोन आकडे लिहा. बदलाची तारीख वहीच्या पहिल्या पानावर, जुन्या जागेच्या वर्णनाखाली नोंदवा.